बुधवार-शुक्रवारचा दवाखाना

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गोडदेव गावाचं आरोग्य सुधारण्याचा आमचा ऐतिहासिक प्रयत्न सहा आठवड्यांत साफ झोपला, आणि त्याचं कारण ज्याच्या ताटात वाढलेलं असूनही त्याला दिसलं नाही, तो इसम दर बुधवारी-शुक्रवारी तळलेलं पापलेट खात होता. तो इसम मी.

गिरगावातून इंद्रलोक नावाच्या नव्या वसाहतीत येऊन मला तेव्हा चारेक वर्षं झाली होती. आमच्या इमारती संपल्या की जुनं गोडदेव गाव सुरू व्हायचं. घरं होती, देऊळ होतं, दारोदार सुकट वाळत असायची. डॉक्टर मात्र नव्हता. सरकारी दवाखान्यात जायचं तर दोन रिक्षा बदला आणि अख्खा दिवस घालवा. हे बदलायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं: बँकेतून निवृत्त झालेले आमचे सोसायटीचे अध्यक्ष, सिल्व्हर पार्कात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाई आणि दुपारपाळीचा मी. गावच्या भजनी मंडळाने खोली दिली. डॉक्टरबाई फुकट तपासायला तयार झाल्या. बुधवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते बारा, हे वार अध्यक्षांनी ठरवले आणि मी टाळ्या वाजवल्या.

पेशंट आलाच नाही. सहा आठवड्यांत डॉक्टरबाईंनी शब्दकोड्यांचं एक पुस्तक संपवलं. रजिस्टर रिकामं दिसू नये म्हणून मीच दोनदा रक्तदाब तपासून घेतला. दुसऱ्या वेळी तो वाढलेला निघाला.

"गाव ठणठणीत आहे," सहाव्या आठवड्याच्या शुक्रवारी अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या आठवड्यापासून बंद करू."

मी चरफडत बाहेर पडलो आणि सवयीने मासळी घ्यायला गेलो. बाजारात पहिल्या जागेवर बसणारी गोडदेवची मावशी आमच्या घरची नेहमीची. आज तिने एक पाय प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळी बांधली होती.

"मावशी, पायाला काय झालं?"

"शिंगाळ्याचा काटा गेलता. व्हतोय बरा."

"किती दिवस झाले?"

"झाला असंल म्हयना."

हट्टाने पिशवी सोडायला लावली. अंगठ्याशेजारचं बोट सुजून काळपट पडलं होतं. मावशीला साखरेचा आजार आहे, हे मला ठाऊक होतं. माझ्या आत्याचा पाय असाच एका क्षुल्लक जखमेने गेला होता. मी भर बाजारात ओरडलो, "दवाखाना शंभर पावलांवर आहे! उठा आत्ता!"

मावशीने सुरी खाली ठेवली. "भाऊ, आज वार कोनचा?"

"शुक्रवार."

"मंग? माझं पापलेट डॉक्टर इकंल? तुमी लोक मासली खाता बुधवार, शुक्रवार, आयतवार. बाकी दिवस कोनाचा शंकर, कोनाचा दत्त, कोनाचा मारुती. तवा आमी घरी. आन तुमी खोली उघडता कवा, तर आमी हितं बसलो की. मला वाटलं, ती आमच्यासाठी न्हायच."

बाकीच्या बाया खो खो हसल्या. मी हसलो नाही. सहा आठवडे मी त्या खोलीतून उठून याच बाजारात येत होतो!

डॉक्टरबाईंना हाताला धरून आणलं. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये त्यांनी जखम धुतली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "यांना नीट बसवून हे साफ करायला हवं. आठवडा गेला तर बोट काढावं लागेल."

"उद्या शनिवार. उद्याच करू."

"शनिवारी माझ्याकडे गर्दी असते हो."

"एक सकाळ द्या. कोणी आलं नाही, तर कुलूप मी लावतो."

"पण वार बदलायला सभा घ्यावी लागेल," मागून आलेले अध्यक्ष नाकाला रुमाल लावून म्हणाले. "आणि मी शाकाहारी माणूस, मला हे कसं कळणार?"

"तुम्हाला नाहीच कळणार. मला कळायला हवं होतं. आपण तिघे इथेच आहोत. झाली सभा!"

मावशी ऐकत होती. "बोट कापनार नसाल तर येते," ती म्हणाली, "पन एकटी न्हाय येनार."

शनिवारी नऊ वाजता खोलीत आम्हीच तिघे. सव्वानऊला अध्यक्षांनी कुलपाकडे पाहिलं. मी कुलूप उचलून सरळ खिशात घातलं. साडेनऊच्या सुमाराला लंगडत मावशी आली आणि तिच्यामागे अख्खा बाजार. मी मोठ्या हौसेने कापलेली गुलाबी नंबरांची कुपनं तशीच राहिली. बाया बाजारात ज्या क्रमाने बसतात, त्याच क्रमाने भिंतीला टेकून बसल्या. मधली एक जागा रिकामी ठेवली होती. तिची मालकीण नातवाला घेऊन मागून येत होती.

डॉक्टरबाईंनी अर्धा तास खपून बोट साफ केलं. आतून काट्याचं टोक निघालं. मावशीने माझं मनगट असं आवळलं होतं की पुढचा पेशंट मीच ठरलो असतो. अखेर डॉक्टरबाईंनी मान वर केली. "बोट वाचलं. पण पाच दिवस रोज सुई घ्यायची. कबूल?"

मावशीने भिंतीपासून पार गल्लीपर्यंत गेलेल्या रांगेवरून नजर फिरवली, पदर खोचला आणि बाजारातल्या आवाजात म्हणाली,

"अख्खा बाजार तुमच्या दारात आनून बसवलाय, बाय! पाचाच्या तीन करा!"