भिंतीकडे बघणारे अण्णा

उदास माणसाच्या घरात किस्से फार साचतात. त्याला स्वतःला ते दिसत नाहीत. बायकोला दिसतात, पण तिला तेव्हा हसायची सोय नसते. म्हातारपणी दोघांनी हसायला बसावं, तर निम्मे विसरलेले असतात. उरलेले सांगतो. तेही बरोबर आठवतात की नाही, कोण जाणे!

एकोणीसशे तीसच्या आसपास मी सोलापुरात हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. घरात ही, पाच वर्षांची कमल आणि तान्हा बाळू. मला सकाळी उठवत नसे, आणि उठलो की पोरांना काहीतरी होणार या धास्तीनं बसवत नसे. डॉक्टर म्हणाले, "नर्व्हस डेबिलिटी." वैद्य म्हणाले, "वात." वैरागचे माझे सासरे, नाना, म्हणाले, "जास्त शिकल्यावर व्हायचंच!"

नाना लेकीला नि नातवंडांना घेऊन जातील, ही एकच धास्ती खरी होती. बाकीच्या मी घरी तयार करत असे.

* * *

बाळू दुपारी गाढ झोपला की मला शंका येई, श्वास चालू आहे ना? मी नाकाखाली बोट धरी. तो दचकून उठे नि किंचाळे. एकदा ही पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"अहो, पोर जिवंत आहे हे कळायला त्याला रडवायलाच हवं का?"

"खात्री झाली," मी म्हणालो.

"तुमची झाली ना? आता निजवा!"

* * *

एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कुंभारीला हुरड्याला बोलावलं. कमलच्या हातावर गरम हुरडा पडला की मी तो काढून घेई, फुंकर मारी आणि एकेक दाणा तपाशी. अळी असली तर? घशात कुसळ अडकलं तर?

विद्यार्थ्याचे वडील बघत होते. मग म्हणाले, "मास्तर, पोरगी म्हातारी व्हईल की!"

तेवढ्यात कमलनं त्यांच्यापुढचा मूठभर हुरडा तोंडात कोंबला. तिला काही झालं नाही. परतताना आजारी पडलो तो मी!

* * *

आठवडाभर शाळेत गेलो नाही, तेव्हा हेडमास्तर स्वतः घरी आले. मी आत पडून होतो. दार कमलनं उघडलं.

"अण्णा काय करतात?"

"भिंतीकडे बघतात."

"भिंतीवर काय आहे?"

"काही नाही."

"मग बघतात कशाला?"

"एम. ए. झालेत ना!"

हेडमास्तर बी. ए. होते. ते दारातूनच परतले.

* * *

शेवटी नाना आलेच. वैरागकडे जाणारी सर्व्हिस मोटार कोपऱ्यावर थांबवून ठेवलेली.

"जावईबापू, तुम्ही बरे व्हा. मग पोरं आणून सोडतो."

मी "बरं" म्हणालो. नाही म्हणायला उठावं लागलं असतं.

ही बाळूला शेजारणीकडे देऊन बोचकं बांधत होती. त्याला शेकायची शेगडी अजून तापलेली होती. कमल मुठीत मीठ, मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या घेऊन आली. दृष्ट पोरांची काढतात. एवढ्या मोठ्या बाप्याची कोण काढतं? तिनं माझ्यावरून मूठ ओवाळली.

"आल्यागेल्याची, शाळेतल्या पोरांची, हेडमास्तरांची!"

आणि मूठ निखाऱ्यांवर टाकली.

मिरच्यांचा ठसका लागला नाही, तर दृष्ट होती आणि आता उतरली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठसका लागला, तर दुखणं दुसरंच.

खोली धुरानं भरली. कमल परकराचा घोळ नाकाला लावून दारात उभी राहिली नि एकेकाच्या तोंडाकडे बघू लागली. हिनं पदर तोंडात कोंबला. मी श्वास रोखला. नानांचा चेहरा लालभडक झाला, मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांतून धारा लागल्या. पण एवढा तापट माणूस हूं की चूं करेना.

"कुणीच खोकलं नाही!" कमल ओरडली. "उतरली! अण्णा, उठा आता!"

मी उठून बसलो.

मोटारीचा हॉर्न वाजला. नाना बाहेर पडले, रस्ता ओलांडून पार पलीकडे गेले आणि लिंबाच्या झाडाला धरून बराच वेळ खोकले. मग तिथूनच ड्रायव्हरला म्हणाले,

"जा तू पुढं. मला काही दिसंना झालंय."