पायरीवरचा माणूस

मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती खडूच्या तुकड्यातून टाचणीने मुंगीएवढी माणसं कोरत बसायची, तेव्हा थोरल्या भावाने ते ठेवलं आणि चाळिशी उलटली तरी ते तिला चिकटून राहिलं.

फर्निचरच्या कंपनीतली नकाशे काढायची नोकरी सुटली, तेव्हा तोच नाद कामी आला. टेबलावर अंगठ्याएवढ्या बाहुल्या मांडून लढाया खेळणारे शौकीन जगभर आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या घरी थरावर थर चढवत वस्तू छापणारं यंत्र असतं. मुंगी संगणकावर बाहुली घडवायची आणि तिची फाइल विकायची. गिऱ्हाईक ती उतरवून घेई आणि घरबसल्या हव्या तितक्या बाहुल्या छापी. सैनिक, पडके बुरूज, पूल, विहिरी, सगळं तिच्याकडे होतं. दुकान म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल.

तिचं नाव झालं ते मात्र तीन वर्षांपूर्वीच्या खानावळीने. आठ माणसांचा संच. मालकीण, आचारी, पत्ते पिसणारा म्हातारा वगैरे, आणि आठवा पायरीवर बसलेला दारुडा. डोकं कठड्याला टेकलेलं, एक बूट पायात, दुसरा काढून मांडीवर, आणि काढलेल्या बुटाचीच नाडी सोडवत बसलेली बोटं. अकराशे लोकांनी तो घेतला. ‘हा माणूस मी कुठेतरी पाहिलाय,’ असं एका गिऱ्हाइकाने लिहिलं, तेव्हा मुंगीला पाठीवर थाप पडल्यासारखं वाटलं होतं.

पाहिला तिनेच होता. दादा तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि ती पहिल्यावर. पंपदुरुस्तीच्या कारखान्यातून सुटला की तो पिऊन यायचा, आणि तिच्या दारासमोरच्या पायरीवर त्याचे पाय संपायचे. मुंगी दाराच्या भिंगातून बघायची. वहिनी येईल खाली, असं मनाशी म्हणायची. वहिनी यायचीही, अर्ध्या-पाऊण तासाने.

पुढे दादाने दारू सोडली. त्याला आता दोन वर्षं झाली होती. हात स्थिर झाला, चेहऱ्यावर तजेला आला. दुकानात लावायला रंगवलेल्या नमुन्यांचे फोटो लागत, म्हणून मुंगी त्याला रविवारी बाहुल्या रंगवायला बोलावू लागली. खानावळीतल्या बाहुल्यांचा डबा तेवढा तिने कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिला होता.

“मुंगे, तुझ्या सैनिकांना जेवायला घालत नाहीस का गं? एकाचंही पोट सुटलेलं नाही.”

“तुझ्याकडे बघून करते आता एक.”

“कर की. चिलखत जरा सैल दे म्हणजे झालं.”

हसत ती चहा टाकायला गेली. परत आली तेव्हा सैनिक रंगवून संपले होते आणि पुढचं काम शोधायला दादाने कपाट उघडलं होतं. तो आठवा त्याच्या दोन बोटांत होता.

“बूट हातात आल्यावरही मी नाडीच सोडवत बसायचो?” त्याने विचारलं.

मुंगीने कप टेबलावर ठेवले. “काढून टाकते, दादा. आत्ताच्या आत्ता.”

“काय काढणार? लोकांकडे गेलाय ना?”

“अकराशे जणांकडे.” दादाशी खोटं बोलणं तिला कधी जमलं नव्हतं. “त्यांच्याकडचा परत नाही घेता येत.”

“मग राहू दे. छान जमलाय. मान, कोपर, सगळं जिथल्या तिथे.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर तिला सोपं गेलं असतं. “मला एक सांग. एवढं टिपायला किती वेळ बघत होतीस?”

तिने त्याचा कप त्याच्यापुढे सरकवला.

“दार तुझंच होतं, मुंगे. उघडायचं होतंस.”

त्याने चहा पूर्ण प्यायला. टाकून उठणं त्याच्या स्वभावात नव्हतं. मग जिना चढून वर गेला.

मुंगीने त्याच संध्याकाळी फाइल काढून टाकली. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलं, संचातला आठवा कुठे गेला? सगळ्यात चांगला तर तोच होता.

आठवडाभर ती दादासाठी उत्तर जुळवत राहिली. शेजारपाजारचे काय म्हणतील, वहिनीला कानकोंडं होईल, त्यालाच राग आला तर. एकेक कारण खरं होतं, पण त्याच्या तोंडावर म्हणण्याजोगं एकही नव्हतं. खाली गाळ उरला तो एवढाच, की बघताबघता ती त्या बोटांत रमून गेली होती. हेच सांगायचं, असं तिने ठरवलं.

रविवारी दादा नेहमीसारखा आला, बसला, दोन केसांचा कुंचला त्याने ओठांवर टोकदार केला. थोडा वेळ गेल्यावर ती म्हणाली, “दादा, त्या वेळी मी दाराशी...”

“थांब. भुवई करतोय. हात हलेल.”

ती थांबली. भुवई झाली. दादाने बाहुलीवर हलकी फुंकर घातली, ती खिडकीत वाळत ठेवली आणि मान वर न करता तळहात पुढे केला.

“पुढचा दे.”

तिने पुढचा दिला.