मेयोच्या मिसेस लव्हेल

शोभा निमकरची बोटं कधी रिकामी राहिली नव्हती, आणि अमेरिकेने तिला नेमकं रिकामं बसायलाच बोलावलं होतं. पुण्यातल्या एका मुलींच्या तंत्रशाळेत तिने अकरा वर्षं भरतकाम शिकवलं होतं. २००१ मध्ये संजीवला शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये नोकरी लागली आणि बायको म्हणून तिलाही व्हिसा मिळाला. त्या व्हिसावर राहता येतं, स्वयंपाक करता येतो, मूल शाळेत सोडता येतं. काम तेवढं करता येत नाही. सरकारी भाषेत ती नवऱ्यावर अवलंबून होती, आणि हा शब्द तिला पहिल्या दिवशी झोंबला तो पुढे सहा वर्षं झोंबतच राहिला.

त्यांच्या अपार्टमेंटच्या मागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी आयरिश नाचाचा वर्ग भरायचा. शेजारची मुलगी जायची म्हणून शोभाची सहा वर्षांची लेक चैत्रालीही जायला लागली. हात अंगाशी घट्ट चिकटवायचे, मान ताठ ठेवायची आणि सगळा नाच गुडघ्याखाली करायचा. शोभाला आधी वाटलं, मुलींना कसली तरी शिक्षा केली आहे. मग हळूहळू तिला त्या पायांची गोडी लागली.

वर्ग घेणारी नोरीन साठीची होती. तिचा जन्म शिकागोचा, तिच्या आईचाही शिकागोचाच. आजी तेवढी आयर्लंडच्या मेयो परगण्यातून आलेली. पण नोरीनशी पाच मिनिटं बोललं तर वाटावं, बाई कालच बोटीतून उतरली आहे. दर मार्चमध्ये सेंट पॅट्रिकचा सण आला की ती मुलींना जमिनीवर गोल बसवायची आणि आपल्या माणसांची कहाणी सांगायची. इंग्रजांनी आयरिश भाषा कशी मारून टाकली, बटाट्याचं पीक कुजलं तेव्हा गावंच्या गावं कशी ओस पडली, ते सांगायची. मग ती लेस विणणाऱ्या बायकांवर यायची. त्या दुष्काळात घराघरांतल्या बायकांनी सुईवर लेस विणून पोरं जगवली. ती लेस लंडनच्या श्रीमंत बायकांच्या गळ्यात गेली, तिच्यावर नाव दुकानाचं लागलं, आणि विणणारीचं नाव कुणी कुठेही लिहून ठेवलं नाही. इथे नोरीनचा आवाज दरवर्षी फाटायचा. मागे खुर्चीवर बसलेल्या शोभाच्याही डोळ्यांत पाणी यायचं. नोरीनचा तो अभिमान नाटकी नव्हता, आतून आलेला होता. नाटकी असता तर शोभा त्यात इतकी गुंतलीच नसती.

एकदा एका मोठ्या मुलीचा स्पर्धेचा पोशाख खुर्चीवर पसरून ठेवला होता. या पोशाखांना बुकरम घालून पुठ्ठ्यासारखं कडक केलेलं असतं, आणि त्यावर जुन्या पोथ्यांतल्या नक्षीच्या गाठी भरलेल्या असतात. एकच रेघ निघते आणि कुठेही न तुटता एकदा वरून, एकदा खालून फिरत परत जागेवर येते. शोभा बघत राहिली आणि तिने सहज एका जागी बोट ठेवलं. तिथे रेघ लागोपाठ दोनदा वरून गेली होती. शिवणारीची चूक होती. नोरीनने चष्मा लावून पाहिलं, आणि वीस वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं म्हणाली. पुढच्या मंगळवारी तिने शोभाकडे उसवलेला एक पोशाख दिला. त्यानंतर महिन्याभरात कोरं कापड दिलं.

पुढची पाच वर्षं शोभाने त्या वर्गाचे पोशाख शिवले. दिवसा घर रिकामं झालं की ती खिडकीपाशी मशीन ओढायची. नोरीनने दिलेल्या पुस्तकांतून तिने पक्षी उचलले, शेपटीला शेपटी गुंफलेले कुत्रे उचलले, आणि पुढे स्वतःच्या गाठी काढायला लागली. पैसे घेतले असते तर व्हिसा धोक्यात आला असता, म्हणून नोरीन चैत्रालीची फी घेत नव्हती आणि नाताळला भेटवस्तू द्यायची. हे तरी कायद्यात बसतं का, ते संजीवने कधी तपासलं नाही. तो एवढंच म्हणायचा, "शोभा, ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे यार, कुठे बोलू नकोस." चैत्रालीलाही तोच मंत्र दिला होता. कुणी विचारलंच तर आई फक्त रिपेअर करते, असं सांगायचं. पोरगी हुशार, तिने ते इतकं छान पाठ केलं की पुढे पुढे शोभालाच ऐकताना कसंतरी व्हायचं. महाराष्ट्र मंडळात उल्का म्हणून एक खमकी बाई होती, तिला मात्र कुणकुण लागली होती. गोऱ्यांचे फ्रॉक शिवतेस त्यापेक्षा गणपतीचं मखर कर, असं तिने चारचौघांत सुनावलं. 

२००५ च्या वसंतात मिलवॉकीला स्पर्धा होती. एका मुलीच्या खांद्यावरची शाल सुटली म्हणून शोभा पिन घेऊन पुढे झाली, तर मुलीच्या आईने तिचा हात धरून बाजूला केला. हा पोशाख तुम्हाला कळायचा नाही, सांभाळून हात लावावा लागतो, असं ती समजावून म्हणाली. मग मोठ्या कौतुकाने तिने सांगितलं की हे मेयोच्या मिसेस लव्हेल यांचं काम आहे. बाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, समुद्राकडे तोंड करून खिडकीत बसतात, सगळं हाताने करतात. नोरीनची त्यांच्याशी जुनी ओळख, म्हणून आपल्याला मिळतं. नाहीतर कुठलं.

त्या पोशाखावरची मोरपंखी गाठ शोभाने आठवडाभर खपून काढली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी आल्यावर तिने नोरीनला फोन केला. नोरीन जराही गडबडली नाही. ते नाव मी रचलं ते तुझ्याच भल्यासाठी, ती म्हणाली. तुझं नाव सांगितलं आणि कुणी व्हिसाची चौकशी केली तर तुझं काय होईल? एकदा तुझे कागद झाले की बघू. शोभाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा हवं तर. त्या दिवसापासून ती ग्रीन कार्डाची वाट संजीवपेक्षाही जास्त बघायला लागली. संजीवला कागद हवे होते घरासाठी आणि नोकरी बदलण्यासाठी. शोभाला एका ओळीसाठी हवे होते.

२००७ च्या जुलैत ग्रीन कार्डासाठी अर्ज करायच्या तारखा एकदम सगळ्यांना खुल्या झाल्या. शॉमबर्गमधली निम्मी मराठी घरं फोटो काढायला आणि वैद्यकीय तपासणीला धावली. ऑक्टोबरात शोभाच्या नावाने काम करण्याचा परवाना आला. एवढंसं प्लास्टिकचं कार्ड, पण तिने ते देवापुढे ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पर्समध्ये घालून नोरीनच्या घरी गेली.

नोरीनने चहा केला, कार्ड हातात घेऊन पाहिलं, मनापासून अभिनंदन केलं. मार्चमध्ये वर्गाचा मोठा कार्यक्रम होता, त्याची पुस्तिका छापायला जायची होती. शोभाने सांगितलं, मला जास्त काही नको. शेवटच्या पानावर एवढंच लिहा, पोशाख आणि भरतकाम, शोभा निमकर.

नोरीनने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली की हे माझ्यासाठी नाही, पालकांसाठी अवघड आहे. त्यांना पोशाख नुसता सुंदर नको असतो, तो घरून आलेला हवा असतो. तिकडचं त्यांच्याजवळ आता काही उरलेलं नाही. तो एक पोशाख तेवढा आहे, तोही काढून कसा घ्यायचा?

शोभाला असं बोलायची सवय नव्हती, पण त्या दिवशी ती बोलली. "लेस विणणाऱ्या बायकांची नावं कुणी लिहिली नाहीत, म्हणून तुम्ही दरवर्षी मुलींसमोर रडता. मी सहा वर्षं तुमच्याबरोबर रडले आहे."

नोरीनचा चेहरा लाल झाला. ती उठून खिडकीशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "गेल्या दिवाळीला तू ती मोरांच्या पदराची साडी नेसून आली होतीस. कोणत्या गावाची ते तूच मला सांगितलंस, सांगताना किती फुलली होतीस. तशीच्या तशी साडी मी इथे शिकागोत विणली, तर मुलीच्या लग्नात नेसशील?"

 पैठणी येवल्याची असावी, विणकराच्या हातची असावी, हे ती स्वतःच दहा जणींना सांगत आली होती. कुठल्या विणकराच्या, त्याचं नाव काय, हे मात्र तिने आजवर कुणाला विचारलं नव्हतं. नोरीनने तिला बरोबर जागी धरलं होतं. त्याचाच राग तिला सगळ्यात जास्त आला. यापुढे मी टाका घालणार नाही, एवढं बोलून ती निघाली.

आपल्यावाचून अडेल आणि बाई आठवड्यात दारात येईल, असं तिला मनातून वाटत होतं. नोरीन आली नाही. जानेवारीत वर्गातल्या सगळ्या पालकांना तिचं पत्र आलं. मेयोच्या मिसेस लव्हेल झोपेतच शांतपणे गेल्या, त्यांच्यासारखा हात पुन्हा होणे नाही, असं त्यात लिहिलं होतं. संजीवने पत्र वाचलं आणि खो खो हसत सुटला. शोभाला हसू आलं नाही. तिने हात धुऊन कणीक मळायला घेतली.

मार्चच्या कार्यक्रमाला ती गेली, कारण चैत्रालीचा पहिल्यांदाच एकटीचा नाच होता. बारा वर्षांची पोर शोभानेच शिवलेल्या हिरव्या पोशाखात उभी होती. सुरुवातीलाच नोरीनने सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मिसेस लव्हेल यांच्यासाठी एक मिनिट शांतता पाळली गेली. दोनशे माणसं माना खाली घालून उभी राहिली, पुढच्या रांगेतले एक आजोबा डोळे पुसत होते. खोटं कुणीच रडत नव्हतं. शोभाही उभी राहिली, आणि स्वतःसाठी इतकी माणसं उभी असलेली पाहून तिला हुंदका आला. शेजारच्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मध्यंतरात दाराजवळच्या टेबलावर एक मोठं कार्ड ठेवलं होतं. मिसेस लव्हेल यांच्या घरच्यांना पाठवायचं म्हणून सगळे त्यावर सांत्वनाचे दोन शब्द लिहीत होते. शोभा टेबल टाळून पुढे निघाली, तर चैत्रालीने तिची बाही धरली. "आई, प्लीज. एव्हरीवन इज साइनिंग. लोक बघतायत." पोरीच्या डोळ्यांत सगळं माहीत असल्याची भीती होती. आणखी तासाभराने तिला त्याच लोकांसमोर नाचायचं होतं.

शोभाने पेन घेतलं. कोपऱ्यात जागा शोधली आणि भरतकामाच्या वहीत लिहायची तशा वळणदार अक्षरांत पूर्ण नाव लिहिलं, शोभा संजीव निमकर. टेबलापलीकडे उभी असलेली नोरीन कुणाशी तरी बोलता बोलता थांबली.

मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईने हळूच विचारलं, "तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

शोभाने मुलीकडे पाहिलं. "नाही," ती म्हणाली, "नुसतं ऐकून होते," आणि पेन त्या बाईच्या हातात दिलं.