नागुबाई बाथला चालत गेल्या

नायगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नागुबाई सोनकांबळे नर्स होत्या. लसींचा डबा खांद्याला अडकवून वाड्या-तांड्यांवर चालण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्या तसं घरचे-दारचे सगळे म्हणायला लागले, "आता निवांत बसा बाई." त्या बसल्या, आणि बसूनबसून गुडघे धरले.

लेक लुंबिनी इंग्लंडात डॉक्टर. तिनं मायला बोलावून घेतलं आणि एक दिवस म्हणाली, "माय, इथल्या कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतून एक लांबलचक पायवाट जाते, बाथ शहरापर्यंत. आपण दोघी चालू."

"तिथं कोण हाय आपलं?"

"कुणीच न्हाई. नुसतं चालायचं."

नागुबाईंना हसू आलं. जन्मभर त्या कुणाच्या ना कुणाच्या कामासाठी चालल्या होत्या. नुसतं चालणं म्हणजे त्यांना मोठी चैनच वाटली.

पहिले काही दिवस गुडघ्यांनी जीव नको केला, मग तेही वळणावर आले. वाट सरळ लोकांच्या शेतांतून जायची. उभ्या गव्हातून, मेंढरांच्या कळपातून. फाटक उघडायचं, पलीकडं जायचं, आठवणीनं लावून घ्यायचं. कुणी हटकत नव्हतं.

"आपल्याकडं बांध कोरला तर डोकी फुटतात," नागुबाई नवलानं म्हणाल्या.

शेवटचा टप्पा उरला आणि लुंबिनीचा पाय मुरगळला. नागुबाईंनी तो चाचपला, पट्टी आवळून बांधली. "मोडला न्हाई. पण तू चालायचं न्हाई."

"मग उद्या दोघी बसनं जाऊ."

"तू जा बसनं. मी येते चालत."

"माय, तुला इंग्रजी येत न्हाई!"

"वाटेला तरी कुठं येतंय?"

सकाळी त्या एकट्या निघाल्या, खांबांवरचे बाण बघत. दुपारी टेकडीवर धुकं उतरलं आणि बाण दिसेनासे झाले. पुढं उतार आहे की कडा, काही कळेना. त्या मागं वळल्या, शेवटचा खांब शोधला आणि त्याला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कुत्रं घेऊन एक म्हातारी आली.

"बाथ?" नागुबाईंनी विचारलं.

म्हातारी भरभर बरंच काही बोलली. मग यांचा चेहरा बघून थांबली, डावीकडची दगडी भिंत दाखवली आणि हातानंच 'तिच्या कडेनं जा' अशी खूण केली.

नागुबाई भिंतीला हात लावत चालत राहिल्या. धुकं फाटलं तेव्हा खाली सगळं शहर पसरलेलं होतं, गुळाच्या रंगाच्या दगडांचं. टेकडीवर त्या एकट्याच मोठ्यानं हसल्या आणि झपाझप उतरायला लागल्या.

वाट जिथं संपते त्या चर्चसमोरच्या चौकात लुंबिनी कुबडी घेऊन ताटकळत होती. गर्दीतून मायची निळी साडी दिसली, पोटरीपर्यंत चिखलानं माखलेली. लुंबिनी लंगडतच धावली आणि तिला बिलगली.

"थकलीस का गं माय?"

"लई!" नागुबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि ताठ उभ्या राहिल्या. "फोटो काढ. चिखल आला पाहिजे बघ."