सैनिकांच्या पायाखालचे अक्षर

दि. १९ जानेवारी २०२५, रविवार. मौजे तोंडवली, तालुका मालवण. देवळाच्या सभागृहात भरलेल्या 'सागरी वारसा' प्रदर्शनात श्री. गुरुप्रसाद बाबली तांडेल यांनी विश्वासाने ठेवावयास दिलेले, सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचे रोमन तांब्याचे नाणे आयोजक मंडळाने मालकास न विचारता आमसूल आणि राख लावून घासले. आयोजकांचा खुलासा असा की, नाणे 'स्वच्छ करून सुस्थितीत परत' करण्यात आले आहे. या वाक्यातला 'परत' हा एकच शब्द खरा आहे.

गुरुप्रसाद एक्कावन्न वर्षांचा. इतिहासाची एम. ए. पदवी घेतलेला हा गृहस्थ ओरोसच्या एका कार्यालयात आवक-जावकीवर बसतो आणि संध्याकाळच्या बसने घरी येतो. इतिहासाशी त्याचा संबंध उरला होता तो बापाच्या पेटीत सापडलेल्या एका नाण्यापुरता. बाप, बाबली तांडेल, मालवाहू बोटीवर खलाशी होता. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बंदरात एका पाववाल्या म्हातारीने चिमूटभर तंबाखूच्या बदल्यात आपल्याला हे नाणे दिले, असे तो सांगे. गाव हसे. मालवणी माणसाला गजाली, म्हणजे रंगवून सांगितलेल्या गप्पा, आवडतात, पण गजाली सांगणाऱ्याला तो मरेपर्यंत सोडत नाही. बाबली मेला तो 'गजालीवालो बाबली' म्हणूनच.

त्याच बोटीवर असलेला धोंडू अजून हयात आहे. देवळाच्या कट्ट्यावर बसून तो आजही ऐकवतो, "बाबलीन इजिप्त बघल्यान? रे, बंदराक बोट लागली की ह्यो पोटात कळ इली म्हणान झोपान रवायचो. ता नाणां मुंबयच्या चोरबाजारातलां!"

गुरुप्रसादने यावर कधी भांडण केले नाही. त्याने भिंग विकत घेतले.

नवशिक्याच्या सगळ्या चुका त्याने केल्या. राजाचा चेहरा ठसठशीत दिसला म्हणून नाणे उच्च दर्जाचे, असे त्याने आधी मनाशी ठरवून टाकले. पुण्याच्या कौस्तुभ नावाच्या जाणकार संग्राहकाशी फोनवर ओळख झाली, तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी झापले, "तांडेलसाहेब, दर्जा नंतर. आधी ओळख पटवा. कडेची अक्षरं वाचा. एका 'एन'च्या फरकाने बापाचं नाणं मुलाचं होतं." मग तो अक्षरे वाचायला शिकला. बाप कॉन्स्टंटाइन आणि मुलगा कॉन्स्टंटियस या रोमन सम्राटांतला फरक त्याला कळला. झीज कुठे आधी दिसते, हे कळले: राजाच्या कानावरचे केस, गालाचे हाड, सैनिकाचा गुडघा. ठसा मध्यावर पडला आहे की एका बाजूला सरकला आहे, हे तो पाहू लागला. आणि मुख्य म्हणजे, तांब्यावर शतकानुशतके बसलेला तो गुळगुळीत काळपट-हिरवा थर ही घाण नसून नाण्याची कातडी आहे, हे त्याला उमगले. झिजलेल्या नाण्यात अक्षराचा उठाव पुष्कळदा त्या थरातच शिल्लक असतो. थर गेला की अक्षरही जाते.

नाण्याच्या मागच्या बाजूला दोन सैनिक, मध्ये निशाणे, आणि त्यांच्या पायाखाली टांकसाळीची खूण. बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्यात नाणे भिजवून, करवंदीच्या काट्याने माती कणाकणाने उकलून, गुरुप्रसादने ती खूण मोकळी केली. एस, एम, ए. आणि चौथे अक्षर? एक उभी रेघ स्वच्छ होती. तिच्या उजवीकडचे काहीतरी पुसट. 'एल' असेल तर टांकसाळ अलेक्झांड्रियाची. 'एन' असेल तर अँटिओकची, म्हणजे भलत्याच देशातली. सकाळच्या तिरप्या उन्हात त्याला 'एल' दिसे, संध्याकाळी 'एन'.

"एल निघाला तरी वडिलांनी ते तिथेच मिळवलं, असं सिद्ध होत नाही," कौस्तुभने बजावले होते.

"ठाऊक आहे," गुरुप्रसाद म्हणाला. "पण हसण्यापूर्वी लोकांना एकदा थांबावं तरी लागेल."

रविवारी कौस्तुभ सूक्ष्मदर्शक घेऊन स्वतः येणार होता. प्रदर्शन शनिवारपासून होते. मंडळाचा अध्यक्ष अजय याने फारच गळ घातली, म्हणून गुरुप्रसादने नाणे दिले. काचेच्या पेटीत, सैनिकांची बाजू वर करून, स्वतःच्या हाताने ठेवले.

रविवारी प्रदर्शनाला प्रमुख पाहुणे यायचे होते. सकाळी तो देवळात पोचला तेव्हा विहिरीपाशी हौसाबाई समया, घंटा, ताम्हणे घासत बसली होती. सत्तरीची बाई, देवाची भांडी तिच्याकडेच. तिने ओला हात वर केला.

"रे गुरू, बघ तुझां नाणां! काळांकुट्ट होतां रे. दोनदा आमसूल लावलंय, तेवा खंय चकाकलां."

तिच्या तळव्यावर गुलाबी तांब्याची एक टिकली होती. नवी. लग्नात वाटावी तशी.

"तुका कोणी सांगितल्यान?" गुरुप्रसादने नाणे तिच्या तळव्यावरून उचलले.

"अजयान. म्हणालो, समयांबरोबर ह्यां पण घासून काढ. कित्या रे? चुकलां काय?"

तिच्यावर काय ओरडायचे? चतुर्थीच्या आधी या किनाऱ्यावरचे प्रत्येक घर हेच करते. काळे तांबे देवापुढे ठेवणे हा आमच्याकडे आळशीपणा समजतात. पण अजय पदवीधर आहे, आणि 'वारसा' हा शब्द त्याने फलकावर स्वतः लिहवून घेतला होता.

"रागावतस कित्या?" सभागृहात गाठल्यावर अजय हसत म्हणाला. "आता लोकांक दिसतला तरी. त्या काळ्या टिकलेक कोण बघी?"

कौस्तुभ दुपारी आला. बराच वेळ सूक्ष्मदर्शकावरून त्याने डोळा काढला नाही. "उभी रेघ आहे," तो शेवटी म्हणाला. "तिच्या बाजूला काय होतं, ते आता कोणीच सांगू शकणार नाही."

"आणि दर्जा?"

"अशा नाण्याला दर्जा देत नाहीत, साहेब. 'घासलेले' एवढाच शेरा देतात."

कट्ट्यावरून धोंडूने साद घातली, "काय रे गुरू, इजिप्त गावलां?" माणसे हसली. बाबलीला हसायची तशीच.

घरी पत्नी रश्मीने तिसऱ्या दिवशी विचारले, "आता काय, त्या हौसाबायक फासार देतलात?" त्याने नकारार्थी मान हलवली. त्याने मंडळाला लेखी विचारणा केली; उत्तर वर दिलेच आहे. नुकसान झाले हेच मंडळाला मान्य नाही. चकाकते त्याचे नुकसान कसे?

गुरुप्रसादच्या जुन्या फोनमध्ये राजाच्या चेहऱ्याचे ढीगभर फोटो आहेत. पायाखालच्या खुणेचे आहेत ते सगळे धूसर. मात्र शनिवारी त्या पेटीवर ओणवून फोटो काढणारे पुष्कळ होते. कोणाच्या तरी चांगल्या फोनने, खिडकीच्या उजेडात, ते चौथे अक्षर टिपले असण्याची शक्यता आहे. ते 'एन' निघाले तरी चालेल. तसे धोंडूला जाऊन सांगण्याची गुरुप्रसादची तयारी आहे. पण ते वाचले गेले पाहिजे.

म्हणून वाचकहो, मागणी एकच. शनिवार, दि. १८ जानेवारी रोजी तोंडवलीच्या प्रदर्शनात आपण किंवा आपल्या घरातील कोणी त्या नाण्याचा फोटो काढला असेल, तर तो शोधा आणि गुरुप्रसाद बाबली तांडेल, तोंडवली, यांच्याकडे पाठवा. फोटो कापू नका, उजळवू नका. जसा निघाला तसा पाठवा.