चिकटवण्याआधी

"हात नको लावू, बेटा!"

मामूंचं पहिलं वाक्य नेहमी हेच. सलाम-नमस्कार त्यानंतर. चिमट्यात धरलेला धातूचा तुकडा ते खिडकीकडे नेत, एक डोळा मिटून न्याहाळत आणि मगच डबीत ठेवत.

शहागंजात त्यांची दातांची लॅब होती. आम्ही डॉक्टर मापं पाठवायचो, मामू दात घडवायचे. त्यांचं काम पाहिलं असतं तर तुम्हीही चक्रावला असता. छान चकचकीत धातूवर बारीक भुकटीचा फवारा मारून ते त्याची चमकच घालवत. म्हणत, "गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरतो का?"

माझा दवाखाना तेव्हा नवा होता. फुलंब्रीच्या एका शिक्षिकेचा समोरचा दात पडला होता. मामूंनी मागं धातूची पट्टी असलेला दात करून दिला, तो मी शेजारच्या दातांना चिकटवला. तिसऱ्या दिवशी कविता शिकवताना तो टेबलावर पडला. वर्ग खदखदून हसला. बाई तोंडाला पदर लावूनच आल्या.

मी मामूंना फोनवर खूप बोलले. ते लगेच आले. पट्टी पाहिली, तर धातू अगदी कोरा. चिकटवायचं सगळं रेझिन बाईंच्या दातांवरच राहिलेलं. मला आतल्या खोलीत नेऊन त्यांनी हळूच विचारलं, "आधी तोंडात बसवून बघितला व्हता?"

"हो."

"मग फवाऱ्याला परत का नाय पाठवला?"

थुंकी लागलेली पट्टी मी नुसती कापसानं पुसली होती.

मामू बाहेर गेले. "बाई, चूक माझी. धातू नीट तयार केला नाय मी. माफ करा."

बाईंनी त्यांना फाडफाड सुनावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मी तोंड उघडलं नाही.

तासाभरात त्यांनी पट्टी पुन्हा तयार करून आणली. या वेळी दात पक्का बसला. बाई गेल्यावर मी विचारलं, "असं का केलंत, मामू?"

"तुझी पाटी नवी आहे, बेटा. माझी तर पाटीच नाय."

बारा वर्षांनी बाई दाढेसाठी आल्या. तो दात जागेवरच होता. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्या ताडकन उठल्या, "चला, मला त्यांच्याकडे न्या."

"मामू मागच्या हिवाळ्यात गेले."

"आणि तुम्ही आज सांगताय?"

तरीही आम्ही शहागंजात गेलो. लॅबच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झालं होतं. बाई पायरीसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. आतून दुकानदार विचारत होता, "काय दाखवू, ताई?"