ई, एफ, ह्यांचं, एच

निमोण्याच्या वच्छलाबाईला इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा तिच्या ओट्यावर येऊन बसावं. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही, हे खरं. शाळेच्या वयात ती बापाच्या मेंढरांमागं कोकणात उतरत होती. पण पुढं शेतात ड्रिप आलं, घरात फ्रीज आला, पोरगा कंपनीत लागला, आणि इंग्रजी आपल्या पायांनी चालत तिच्या दारात आली. आली ती आली, परत काही गेली नाही.

नात हर्षदा शिरूरला इंग्रजी शाळेत जाते. तिथल्या बाईंनी एक खेळ लावून दिला होता. एकानं अक्षर सांगायचं, दुसऱ्यानं त्या अक्षरानं सुरू होणारा शब्द शोधायचा आणि वर त्याचा अर्थ सांगायचा. पोरीला घरी जोडीदार मिळेना, म्हणून तिनं आजीला धरलं, पाटीवर अक्षरं ओळखायला शिकवली. आता आजी काही तिला सोडत नव्हती.

"एस," हर्षदा म्हणायची.

"सिंगल फेज. म्हंजी दिवा लागतो, मोटार चालत न्हाई."

"डी?"

"डिस्काउंट. आधी चढवलेली किंमत मागनं उतरवत्यात ती."

"यू?"

"अर्जंट. म्हंजी काम दुसऱ्याचं आन् घाई आपल्याला."

"आज्जी, डिक्शनरीत असं न्हाई दिलेलं."

"मग डिक्शनरीवालीला म्हणावं, चार दिस निमोण्याला येऊन ऱ्हा."

सगळं ठीक होतं, फक्त एक अक्षर म्हातारी तोंडातून काढत नव्हती. औषधाच्या पिशवीवर लिहिलेलं नाव दाखवून हर्षदा एकदा बोलून गेली होती, "हे बघ, जी. आबांचं नाव ह्यानं सुरू होतं." झालं! आबा म्हणजे गेणबा, वच्छलाबाईचा नवरा. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला आईनं सांगितलेलं आणि आईला तिच्या आईनं. त्या दिवसापासून तिची एबीसीडी अशी चालायची: "डी, ई, एफ, ह्यांचं, एच, आय."

"अगं आज्जी, सिंगलमधी पण जी हाय. अर्जंटमधी पण हाय. ते बरं चालतं तुला!"

"ते आत बसलंय. आत बसलेल्याला कोण बघतंय? पुढं येऊन हुभं ऱ्हायलं की पदर घ्यावा लागतो."

गेणबा बाजेवर पडल्यापडल्या हसायचा. "शिका, शिका. पुढच्या साली कलेक्टर व्हा."

घरची माणसं हसायची, तशी तीही हसायची. पण खरं सांगायचं तर आधी नावाची नुसती रीत होती, तिची गेल्या वर्षापासून भीती झाली होती. गेल्या वर्षी गेणबाच्या छातीत कळ आली. पुण्याला नेलं. डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, "प्रयत्न करतोय, पण गॅरंटी देता येत नाही." या शब्दाचा अर्थ वच्छलाबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मिक्सर घेताना दुकानदार न मागता देतो ती गॅरंटी, आणि तिच्या माणसाची कुणी देत नव्हतं. गेणबा वाचला, घरी आला, बाजेवरून टोमणे मारायला लागला. पण तिचा जीव कायम टांगणीला. हे खुळचटपणाचं आहे, हे तिलाही कळत होतं. कळून करायचं काय?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बिरोबाच्या देवळापुढं मांडव घातला आणि पैठणीचा खेळ ठेवला. केडगावहून बोलघेवडा निवेदक आणला होता. त्यानं नेमका हाच खेळ काढला: चिठ्ठीतलं अक्षर मोठ्यानं वाचायचं, त्यानं सुरू होणारा इंग्रजी शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा. हर्षदानं टाळी वाजवली. वच्छलाबाईला पैठणी हवी होती. का नको असावी? लग्नातलं सोडलं तर अंगाला जरीचा काठ लागला नव्हता तिच्या.

एकेक बाई गळत गेली. शेवटी उरल्या दोघी, वच्छलाबाई आणि तिची चुलत जाऊ साळूबाई. साळूबाईची नजर पैठणीवर आणि तोंड वच्छलाबाईवर. "या, अडाण्याच्या कालेजातनं आलेल्या!" म्हणाली. वच्छलाबाईनं चिठ्ठी उचलली, उघडली आणि जागच्या जागी थिजली. तेच ते अक्षर.

"बोला मावशी!" निवेदक ओरडला.

"वाच की गं!" बायका ओरडल्या. "गॅस म्हण! गेट म्हण!"

साळूबाई म्हणाली, "अगं, जड जात आसंल तर उखाण्यात घे!"

पुरुषांच्या घोळक्यात गेणबा कानटोपी घालून उभा होता. वच्छलाबाईनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. शब्द आला होता, अगदी ओठांवर येऊन बसला होता. पण दुसराच, तो पुण्याचा. तिनं चिठ्ठी मिटून निवेदकाच्या हातात दिली आणि खाली उतरली.

साळूबाईनं तीच चिठ्ठी घेतली आणि ठणकावून सांगितलं, "जी. गुड मॉर्निंग. म्हंजी सकाळी सकाळी मोबाईलवर येतं ते फुलाचं चित्र." मांडव हसून लोळला. पैठणी गेली.

घरी येताच हर्षदा रडकुंडीला आली. "आज्जी, एक तरी शब्द यायला पायजे व्हता!"

"येत व्हता की."

"कुठला?"

वच्छलाबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "गॅरंटी. अर्थ तुला म्हाईत न्हाई, मला हाय. डाक्टर देत न्हाई ती."

बाजेवरच्या गेणबानं कानटोपी काढून उशाला ठेवली. म्हणाला, "हर्षदे, बायकूचं नाव घेतलं तर तिचं आविष्य कमी व्हतं का गं?"

"न्हाई आबा. तसलं फक्त पुरुषांचं असतं."

"हे बरं हाय! मग मला कुणी अडवलंय? हिचं अक्षर कोणतं?"

"व्ही."

गेणबा उठून बसला. लग्नापासून आजवर त्यानं बायकोला 'अगं ए' आणि 'ऐकलं का' यापलीकडं काही म्हटलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला. "व्ही. वच्छला. म्हंजी..." इथं तो अडला, बाजेचा काथ्या चिमटीत धरून बसला आणि म्हणाला, "म्हंजी पैठणी गेली तरी जिला मी पायजे ती."

"अवं, पोरगी बसलीय!" म्हातारी एवढंच बोलली. तिच्या डोळ्याला पाणी आलं, ते तिनं धुरावर ढकललं. त्यात चूल कधीची विझलेली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पुन्हा एबीसीडी सुरू झाली. एफच्या पुढं तिनं नेहमीसारखं 'ह्यांचं' म्हटलं. हर्षदानं कपाळावर हात मारला. पण टी, यू झालं आणि म्हातारी पुन्हा थांबली. पदर सारखा केला.

"आता काय झालं? व्ही म्हण की, ते तर तुझंच हाय!"

"व्हतं," वच्छलाबाई म्हणाली. "आता ते बी ह्यांचंच. डब्ल्यू, एक्स, वाय..."